सव्वीस नंबरांचा मामा

माझा मामा अख्ख्या दवाखान्याचा मामा आहे. डॉक्टर त्याला मामा म्हणतात, नर्स मामा म्हणतात, मोतीबिंदू काढून घ्यायला आलेले ऐंशीच्या घरातले आजोबासुद्धा बिनदिक्कत मामा म्हणतात. खरा मामा तो माझ्या एकटीचा. बाकीच्यांनी उसना घेतलाय आणि परत करायचं नाव नाही. याचा मला राग येतो. राग मला तसा कशाचाही येतो, म्हणून तर मामानं माझं नाव ठिणगी ठेवलं आणि तेही सगळ्यांनी उचललं.

दवाखाना डोळ्यांचा, तीन मजली. तळाला काउंटर, औषधांचं दुकान आणि चष्म्यांचा विभाग. मधल्या मजल्यावर तपासणीच्या खोल्या. वर ऑपरेशन थिएटर आणि मोठ्या बाईंची केबिन. मोठ्या बाई म्हणजे दवाखाना ज्यांचा आहे त्या, स्वतः सर्जन. या तीन मजल्यांवर मिळून सव्वीस यंत्रं नेटवर्कला जोडलेली: कॉम्प्युटर, प्रिंटर, डोळ्याच्या आतले फोटो काढणारे कॅमेरे. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर असतो, घराला असतो तसा. एका यंत्रावरून दुसऱ्याकडे जायचं तर तो नंबर द्यावा लागतो. आणि हे सव्वीसच्या सव्वीस नंबर मामाला तोंडपाठ होते.

भिंतीवर यादीही लावून झाली होती एकदा. पण यादी शोधण्यापेक्षा मामाला फोन करणं सोपं. "मामा, काउंटरचा प्रिंटर दिसत नाही हो." "चौतीस मार." संपलं. अकरा वर्षं हेच. जेवताना चौतीस, आंघोळीला निघाला की सतरा. एकदा मामा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड वासून पडला होता, तेव्हा त्यानं बोटांनी दोनदा दोन दाखवले आणि डॉक्टरांनी त्याच्या फोनवर सांगितलं, "बावीस म्हणतायत."

ऐकायला मजा वाटते. मामीला विचारा. माझी मामेबहीण दूरच्या शहरात असते, तिला सात महिन्यांपूर्वी मुलगी झाली. मामी दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा एकटी. पहिल्या वेळी आदल्या दिवशी नेटवर्कचा डबा जळाला आणि मामा राहिला. दुसऱ्या वेळी तर तो बसमध्ये बसला होता, बॅग वर टाकून झाली होती, आणि थिएटरमधून फोन आला. पेशंट टेबलावर, पडद्यावर फोटो येईना. मामा उतरला. बस मामीला घेऊन गेली. नातीला त्यानं अजून हातात घेतलेलं नाही. ती त्याला फोनवर बघते, खदाखदा हसते आणि पडदा चाटते. मामा मग फोन कानाला लावल्यासारखा गालाला लावून बसतो, हे मी पाहिलंय.

तिसऱ्यांदा मामीनं तिकिटं काढली, शनिवार सकाळची. म्हणाली, "या वेळी उतरलात तर परत चढू नका."

मला दवाखान्यात लागून आठ महिने झाले होते. मामाच्याच हाताखाली. सोमवारी मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "बाई, मला सामानाच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर द्या. शनिवारपर्यंत या दवाखान्यात कुणाला एकही नंबर लक्षात ठेवायला लागणार नाही."

"मामांनापण?"

"मामांना तर मुळीच नाही."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "थिएटर बंद पडता कामा नये," म्हणाल्या. "बाकी काय हवा तो गोंधळ घाल."

मला करायचा होता तो नावांचा सर्व्हर. कल्पना साधी आहे. प्रत्येक यंत्राला एक नाव द्यायचं. कुठलं नाव म्हणजे कुठला नंबर, याची एकच यादी एका कॉम्प्युटरवर ठेवायची. बाकीच्या सगळ्यांना सांगून ठेवायचं की काहीही हवं असलं की आधी याला विचारा. कुणी नाव टाकलं की त्याचा कॉम्प्युटर गुपचूप सर्व्हरला विचारतो, सर्व्हर नंबर सांगतो, काम होतं. माणसाला पत्ताही लागत नाही. थोडक्यात, मामा करायचा तेच काम, फक्त न जेवता.

मंगळवारी मी नावं गोळा करायला निघाले. नावं ठेवायला आमच्याकडे सगळेच तयार असतात. डोळ्याच्या आतला फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची खोली कायम अंधारी, म्हणून तो झाला गुहा. सोनोग्राफीचं यंत्र चालू होताना डरॉव करतं, तो बेडूक. पंधरा कागदांनंतर सोळावा हमखास अडकवणारा प्रिंटर रुसकी. काउंटरवाल्या ताईंनी आपल्या कॉम्प्युटरला राणी हे नाव मागितलं आणि औषधवाले म्हणाले, मग माझ्याला राजा नको, उगीच लोक बोलतील. सव्वीस नावं झाली. मी ती मोठ्या अक्षरात छापून तिन्ही मजल्यांवर लावली.

बुधवारी दुपारी सर्व्हर उभा राहिला. सामानाच्या खोलीत, भिंगांच्या खोक्यांच्या शेजारी, एका पाय मोडक्या टेबलावर. मी त्याच्यासमोर बसून एकेक नाव विचारलं आणि त्यानं एकेक नंबर सांगितला. गुहा? चौदा. बेडूक? बावीस. रुसकी? चौतीस. एक चूक नाही. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या, एकटीच.

मग खाली काउंटरपाशी येऊन मी जाहीर केलं की सर्व्हर तयार आहे, उद्या सकाळपासून सगळं नावावर. काउंटरवाल्या ताई होत्या, औषधवाले होते, दोन डॉक्टर चहा पीत उभे होते. मामा ताईंच्या कॉम्प्युटरवरून उठून माझ्याकडे आला.

"ठिणगे, जरा इकडे ये. तुझ्या तिथं बरोबर येतंय, पण मी इथून बघितलं तर—"

आता, मामाला मी घरी तू म्हणते आणि दवाखान्यात तुम्ही. त्या दिवशी तुम्हीच म्हणाले, पण ते तुम्ही शिवीपेक्षा वाईट होतं.

"मामा, पुरे आता. प्रत्येक गोष्टीत तुमचं मध्येमध्ये नको. यातलं तुमचं काम संपलंय. जा, घरी जाऊन बॅग भरा."

चहाचे कप हवेतल्या हवेत थांबले. मामा म्हणाला, "बरं." आणि जिन्यानं वर गेला. मला वाटलं, बरं झालं. एकदा कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या पडद्यावर नंबरांच्या जागी नावं आली. मी एकेका यंत्रापाशी जाऊन स्वतः तपासलं. राणीवरून गुहा उघडली, राजा नको म्हणणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून रुसकीनं पावती छापली, थिएटरमध्ये पडद्यावर फोटो आला. सव्वीस पैकी सव्वीस. मोठ्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. इंटरनेटवरची बातम्यांची पानं जरा रेंगाळत उघडतायत अशी औषधवाल्यांची तक्रार होती. मी त्यांना सांगितलं की कामाच्या वेळात बातम्या कमी वाचा. दिवसभर मामाला एकही फोन आला नाही. तो आपल्या खोलीत वायरी गुंडाळत बसला होता. मी दारातून डोकावले, त्यानं हसून अंगठा दाखवला. डोळे लाल दिसले त्याचे. मला वाटलं, भरून आलं असेल.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत मी त्या पाय मोडक्या टेबलावरून सर्व्हर भिंतीवरच्या फळीवर हलवायचं ठरवलं. आधी तिन्ही मजल्यांवर फिरून सांगितलं: दहा मिनिटं काही चालणार नाही, कुणी घाबरू नका, मामांना फोन करू नका. मग सर्व्हर रीतसर बंद केला, वायर उपसली, डबा उचलून फळीवर ठेवला. एक खिळा ठोकायचा राहिला होता, हातोडी आणायला खाली आले.

काउंटरवर ताई धडाधड पावत्या छापत होत्या.

"ताई, थांबा ना! सर्व्हर बंद आहे."

"कुठं बंद आहे? मस्त चाललंय." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी रुसकीला आणखी एक पावती पाठवली आणि रुसकीनं ती न रुसता बाहेर काढली.

मी वर धावले. सर्व्हर बंद. वायर जमिनीवर. मी खाली धावले. पावत्या चालू. मधल्या मजल्यावर बेडूक डरॉव करून बसलेला, त्याचे फोटो डॉक्टरांच्या टेबलावर. मी जिन्यातच उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी चालू असल्यामुळे घाबरले होते. ज्या सर्व्हरवरून मी पाठीवर थाप घेतली, तो असला काय नि नसला काय, कुणाला फरकच पडत नव्हता!

मग मी ताईंना खुर्चीवरून उठवलं आणि त्यांच्या कॉम्प्युटरच्या पोटात शिरले. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक छोटी खाजगी यादी असते. जुन्या काळची सोय आहे ती. त्यात नाव आणि नंबर लिहून ठेवला तर कॉम्प्युटर बाहेर कुणाला विचारायलाच जात नाही, घरातलंच उत्तर घेतो. सहसा ती यादी रिकामी असते. ताईंच्या कॉम्प्युटरवर ती भरलेली होती. माझी सव्वीस नावं, पुढे सव्वीस नंबर, तळमजल्यापासून वरपर्यंत ओळीनं. आणि शेवटी सत्ताविसावी ओळ: जुनं चष्मायंत्र, एकतीस.

ते यंत्र चार वर्षांपूर्वी भंगारात गेलं होतं. त्याचा नंबर दवाखान्यात फक्त एक माणूस अजून मोजतो.

मी औषधवाल्यांचा कॉम्प्युटर उघडला. तीच यादी. चष्म्यांच्या विभागात तीच. म्हणजे बुधवारी संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर माझा मामा प्रत्येक कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला होता आणि त्यानं एकेका यादीत सत्तावीस ओळी हातानं भरल्या होत्या. मी ज्याला भरून आलेले डोळे समजले ते जागून लाल झालेले डोळे होते.

माझ्या रागाची मला सवय आहे, पण हा राग वेगळा होता, कारण तो कुणावर काढायचा तेच कळेना. मी तरी तो नेहमीच्या ठिकाणी घेऊन गेले. मामा आपल्या खोलीत जेवणाचा डबा उघडून बसला होता.

"मामा, तू काय केलंस हे?" चिडले की मी दवाखान्यातही तू वरच येते. "माझं काम तू खोटं पाडलंस! सगळे मला शाबासकी देत होते आणि मी काही केलेलंच नव्हतं!"

मामानं डब्याचं झाकण लावलं. "बस."

"बसत नाही!"

"उभी राहा मग. तुझा सर्व्हर बोलत होता, पण फक्त तुझ्याशी. बुधवारी मी काउंटरवरून विचारलं, उत्तर नाही. फोटोच्या खोलीतून विचारलं, उत्तर नाही. म्हटलं तुला सांगावं."

"मग सांगायचं ना!"

मी ओरडले. आणि मला चहाचे ते थांबलेले कप आठवले. मी बसले.

"दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तुझं हसं झालं असतं," मामा म्हणाला. "मोठ्या बाईंनी परत असं काही करू दिलं नसतं तुला. आणि मला तुझं ते नवीन काही दुरुस्त करता येत नाही. मला आपले नंबर येतात. म्हटलं, जे येतं ते करू."

"आणि उद्या तू गेल्यावर एखादा नंबर बदलला असता तर? प्रत्येक कॉम्प्युटरवर चुकीचं उत्तर. कुणाला फोन केला असता सगळ्यांनी?"

"मला."

"म्हणजे तू परत बसमधून उतरला असतास."

"उतरलो असतो," मामा म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

मला रडू आलं. सरळच सांगते, डबा बाजूला सरकवून मी त्याच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. मामानं माझ्या डोक्यावर थापट्या मारल्या आणि म्हणाला, "चल, ऊठ. सर्व्हरचं काय झालंय ते बघू. मला फक्त नीट समजावून सांग, मध्येमध्ये करत नाही मी."

"कर," मी म्हणाले. "भरपूर मध्ये मध्ये कर."

चूक सापडायला वीस मिनिटं लागली आणि दुरुस्त करायला वीस सेकंद. सर्व्हर बसवला की तो सुरुवातीला फक्त स्वतःचंच ऐकतो. दार लावून बसलेला असतो म्हणा ना. नेटवर्कवरून येणारे प्रश्न ऐक, असं त्याला एका ओळीत मुद्दाम सांगावं लागतं. ती ओळ मी बदललीच नव्हती. आणि बुधवारी मी सगळे प्रश्न त्याच्याच समोर बसून विचारले होते, म्हणजे खोलीत शिरून, दार लावून. तिथून उत्तरं येणारच. काउंटरवर बसून एकदा विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. मामानं नेमकं तेच केलं होतं. आणि बातम्यांची पानं का रेंगाळत होती तेही उलगडलं. प्रत्येक कॉम्प्युटर आधी माझ्या मुक्या सर्व्हरला विचारून वाट बघत होता, मग कंटाळून दुसरीकडे जात होता. औषधवाल्यांची मी जाऊन माफी मागितली. ते इतके दचकले की त्यांनी मलाच पाणी दिलं.

मग याद्या पुसायचं काम. मामानं तळमजला घेतला, मी वरचा, मधल्यावर दोघं. प्रत्येक यादी रिकामी केली की तिथूनच एक नाव टाकून बघायचं. या वेळी सर्व्हर खरंच बोलत होता. साडेपाचपर्यंत सगळं झालं. मामी बॅगा घेऊन खाली येऊन बसली होती. ती दोघं रात्री आमच्याकडे राहणार होती, बसथांबा आमच्या घरापासून जवळ. काउंटरवाल्या ताई तिला विचारत होत्या, नात कुणासारखी दिसते. मामी म्हणाली, "यांनी पाहिली की सांगतील."

ते मामानं ऐकलं. जिन्यात थांबला आणि मला म्हणाला, "खरी परीक्षा झाली नाही अजून. एखाद्याचा नंबर बदल."

अकरा वर्षांत मामानं कुणाला एकही नंबर बदलू दिला नव्हता. बदलला की सगळ्यांना सांगत फिरावं लागायचं. मी विचारलं, "कुणाचा?"

"बेडकाचा. त्याचेच फोन फार."

मी मधल्या मजल्यावर जाऊन बेडकाला नवीन नंबर दिला. सर्व्हरच्या यादीत एका जागी तो बदलला. कॉम्प्युटर जुनं उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवतात, ती मुदत मी पाच मिनिटांची ठेवली होती. ती पाच मिनिटं आम्ही दोघं काउंटरपाशी उभे होतो आणि मामा घड्याळाकडे न बघायचा फार प्रयत्न करत होता. मग ताईंनी बेडकाचं नाव टाकलं.

उघडला. औषधवाल्यांकडे उघडला. मोठ्या बाईंनी वरून ओरडून सांगितलं, त्यांच्याकडेही उघडला. कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. मला नाचावंसं वाटलं आणि मी थोडी नाचलेही.

मामा मात्र आपल्या खोलीत गेला होता. मी गेले तर तो स्वतःच्या कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि पडद्यावर लिहून आलं होतं की हे यंत्र सापडत नाही.

"माझ्याकडे नाही उघडत," तो म्हणाला.

मी वाकून बघितलं. त्याच्या कॉम्प्युटरच्या पोटातली यादी तशीच होती. बाकी सगळ्यांच्या पुसून झाल्या होत्या, स्वतःची त्यानं पुसली नव्हती. सत्तावीसच्या सत्तावीस ओळी, आणि बेडकापुढे बावीस. अख्ख्या दवाखान्यात एकट्या मामाचं उत्तर चुकीचं येत होतं.

त्यानं त्या बावीसवर बोट ठेवलं. मग हसायला लागला. आधी नुसता खांदे हलवत, मग मोठ्यानं, इतका की मामी दारात येऊन उभी राहिली. "काय झालं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, मामाकडे जुना नंबर राहिलाय एक." आणि सवयीनं त्याला सांगायला लागले, "मामा, बेडकाचा नवीन नंबर आहे—"

"सांगू नकोस!" मामानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "ऐकला की पाठ होतो मला."

मग कानांवरचा एक हात काढून, त्याच एका हातानं, त्यानं पहिल्या ओळीपासून यादी पुसायला घेतली.